शेळ्या घेऊन द्याव्यात की पैसे हातात द्यावेत?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका महिला मंडळाने वर्गणी काढून ४०,००० रुपये जमवले आहेत. मंडळातल्या एका ताईंकडे कामाला येणाऱ्या मावशींचं माहेर मानपूरच्या पुढे, घाटाच्या अंगाला भिलाला आदिवासींच्या एका वस्तीत आहे. तिथे त्यांचा भाऊ, भावजय, तीन मुलं आणि म्हातारी आई राहतात. तीन बिघे कोरडवाहू जमीन, बाकी सगळं मजुरीवर. या कुटुंबाला पायावर उभं करायचं असं मंडळाने ठरवलं, पण कसं यावर एकमत होईना. निम्म्या जणी म्हणतात, शेळ्या विकत घेऊन द्या, रोख दिली तर दारूत जाईल. उरलेल्या म्हणतात, पैसेच द्या, त्यांचं त्यांना कळतं. ताईंनी मला विचारलं आहे: नुसत्या पैशाने एखाद्या घराची उपजीविका खरोखर उभी राहते का? राहत असेल तर नेमकी कशी?

इंदूर-महू पट्ट्यातल्या गावांत बचत गटांचं आणि उपजीविकेचं काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. म्हणून आधी उत्तर सांगतो, मग कारणं. ताई, रोख द्या. भावजयीच्या खात्यात द्या, एकरकमी द्या, आणि मे महिना संपायच्या आत द्या. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच देणाऱ्यांच्या चर्चेत कधी येत नाही.

कोरडवाहू घरात मिळकत कमी असते हे खरंच, पण त्याहून जास्त मारते ती पैशाची अवेळ. जूनमध्ये पाऊस पडला की चार दिवसांत पेरणी उरकावी लागते. सोयाबीनला बिघ्यामागे १८-२० किलो बियाणं, म्हणजे तीन बिघ्यांना ६० किलो. वर डीएपी खताची एक गोणी १,३५० रुपयांची, वर ट्रॅक्टरवाल्याचे तासाचे पैसे. सगळं मिळून आठ-नऊ हजार रुपये एकदम लागतात, आणि त्या आठवड्यात घरात पाचशे रुपयेसुद्धा नसतात. मग दुकानदाराची उधारी. उधारीच्या मालाचा भाव रोखीपेक्षा चढा, वर व्याज वेगळं, आणि सगळ्यांत जाचक अट अशी की ऑक्टोबरमध्ये माल त्याच्याच काट्यावर आणायचा. माल ओला असो, भाव पडलेला असो, थांबायची सोय नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मंडीतला भाव त्याच्याही खाली गेला होता. शेतकरी ६,००० ची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले होते. अशा वर्षी ज्याच्या डोक्यावर उधारी नाही, तो निदान माल अंगणात वाळवतो. सरकारी खरेदीला साधारणपणे ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, व्यापारीही ओल्या मालाचा भाव कापतो. माल वाळला की शेतकरी थोडा विकतो, थोडा ठेवतो, दोन ठिकाणी भाव विचारतो. थांबल्याने भाव चढेलच असं मी म्हणणार नाही, पुष्कळदा चढत नाही. पण कोणाला विकायचं आणि कधी, हे त्याच्या हातात राहतं. सहा-सात क्विंटलवर क्विंटलमागे पाचशे रुपयांचा फरक पडला तरी तीन हजार होतात, आणि या घरात तीन हजार म्हणजे एका मुलाचं वर्षाचं दप्तर, कपडे, औषधपाणी.

पेरणीनंतर श्रावण-भाद्रपद येतो. मजुरी मिळत नाही, लेकरं तापाने फणफणतात, आणि मुकादम दारात येतो. पाच-दहा हजार आगाऊ देतो आणि दिवाळीनंतर बायको-पोरांसकट कामाला यायचा शब्द घेतो. मजुरी त्याने ठरवलेली, हिशेब त्याच्या वहीत. किंवा एखादा मोठा शेतकरी उचल देतो आणि वर्षभरासाठी घरातला कर्ता पुरुष त्याच्या वाड्यावर राबतो. या काळात हजार-दोन हजारांची नड भागवायला माणूस जे विकतो, ते अर्ध्या किमतीत विकतो: वाढीला लागलेला बोकड, चांदीची कडी, स्वतःची पुढच्या सहा महिन्यांची मेहनत.

रोख मदत सगळ्यांत आधी काम करते ती इथे. नडीला विकणं थांबतं, नडीचं कर्ज थांबतं. नवा धंदा, नवी शेळी, नवं शिलाई मशीन हे सगळं पुढचं. म्हणून मदत दिल्यावर दोन महिन्यांनी गावात जाऊन अंगणात काय नवं दिसतं ते शोधलं तर कदाचित काहीच दिसणार नाही, आणि तरीही पैसा अगदी योग्य जागी लागलेला असेल.

हे आपल्याच जिल्ह्यात तपासून पाहिलेलं आहे, आणि इंदूरच्या लोकांना ते माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. २०११ मध्ये ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या निधीतून इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. कोणतीही अट नाही. मोठ्या माणसाला २०० रुपये, मुलाला १००, आणि वर्षाने ते वाढवून ३०० आणि १५०. जवळपास वर्ष-दीड वर्ष हे चाललं आणि पैसे न मिळालेल्या बारा गावांशी त्यांची तुलना केली गेली. शिवाय घोडाखुर्द या आदिवासी गावात वेगळा प्रयोग झाला. रेनाना झाबवाला, गाय स्टँडिंग, शरत दावला ही मंडळी त्या अभ्यासात होती. दोन मोठी आणि तीन मुलं असलेल्या घराला सुरुवातीला महिन्याला ७०० रुपये पडत. एवढ्याने काय होणार, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. झालं असं की लोकांच्या ताटात भाजी-डाळ वाढली, गुरं-शेळ्या वाढल्या, बी-खतावर स्वतःचा पैसा लागू लागला, कर्ज काढायची वेळ कमी झाली. आदिवासी गावात लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यावर जास्त वेळ देऊ लागले, आणि उचल घेऊन वर्षभर राबण्याच्या पद्धतीतून काही घरं बाहेर पडली. जमीन होतीच, हात होतेच. अडत होतं ते जून महिन्यातल्या रोख पैशांवर.

दारूचं आता सरळ बोलू, कारण तुमच्या मंडळातली खरी अडचण तीच आहे. त्या प्रयोगात दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही. जगभरातल्या अशा अभ्यासांचा आढावा जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ मध्ये घेतला, त्यातही रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही असंच निघालं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रोजच्या हातावरच्या मजुरीतले पन्नास रुपये संध्याकाळी उडतात, कारण पन्नास रुपयांत दुसरं काही होण्यासारखं नसतं. चाळीस हजार एकदम आले की घरात बैठक बसते. सासू बोलते, नवरा बोलतो, बायको बोलते. त्या पैशाला नाव पडतं: हे पेरणीचे, हे सावकाराचे, हे छपराचे. नाव पडलेला पैसा सहसा कोणी उडवत नाही. भिलाला घरात मोहाची दारू सणाला, लग्नाला, देवाला लागतेच आणि ती घरचीच असते, तुमच्या पैशाने तिच्यात काही फरक पडत नाही. एखाद्या घरातला पुरुष खरोखर व्यसनात बुडालेला असू शकतो, पण ते मावशींना माहीत असणारच. त्यांना एकटीला विचारा. तसं असेल तर पैसे भावजयीच्या खात्यात टाकणं ही नुसती रीत राहत नाही, ती अटच होते.

आता शेळ्या. सरकारने हा मार्ग आपल्याआधी मोठ्या प्रमाणावर चोखाळून पाहिला आहे. १९७८-७९ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू झाला, पुढे २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या विकासखंडांत पोचला. गरीब कुटुंबाला अनुदान आणि कर्ज जोडून म्हैस, गाय, शेळी, बैलगाडी असं काहीतरी मिळवून द्यायचं, असा तो कार्यक्रम. वस्तू कोणती ते वरून ठरायचं. एकाच वेळी शेकडो लाभार्थ्यांसाठी जनावरं घेतली जायची, त्यामुळे बाजारात भाव चढायचा. आटलेली, वयस्क जनावरं खपवली जायची. चारा कुठून आणायचा हे कोणी विचारलेलं नसायचं. कित्येक म्हशी कागदावरच फिरल्या. कुटुंबाच्या पदरी शेवटी कर्जाचा हप्ता उरायचा. १९९९ मध्ये तो कार्यक्रम दुसऱ्या योजनेत विलीन झाला. त्या काळी काम केलेली माणसं आजही ‘म्हैस योजना’ म्हटलं की मान हलवतात.

तुम्ही शहरातून गाडी करून हाटात, म्हणजे आठवडी बाजारात गेलात तर काय होईल तेही सांगतो. गाडीतून उतरलेल्या बाई बघितल्या की शेळीचा भाव दीड-दोन हजारांनी चढतो. आणि भावजय स्वतः घ्यायला गेली तर? ती आधी कळपाभोवती नुसती फिरते. मग शेळीचा खालचा ओठ दाबून दात बघते, दोन दाती आहे की चार दाती. सहा दातीच्या पुढची तिला नको असते, तिची बरीच वेतं होऊन गेलेली असतात. डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघते. लालसर असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर पोटात जंत आहेत. कास हाताने चाचपते, दोन्ही सड चालू आहेत ना, आत गाठ नाही ना. शेपटी उचलून हगवण लागलेली नाही याची खात्री करते. मग विकणाऱ्याला गावाचं नाव विचारते, आणि गावाचं नाव कळलं की त्या गावात आपली कोण नातलग आहे ते आठवते. नात्यातून माहिती निघाल्याशिवाय ती पैसे काढत नाही. पहिल्या वेताला एक पिल्लू झालं की दोन, हे त्या नातलगीकडून कळतं. हाटात नाही जमलं तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबते. ही तपासणी तुमच्या मंडळातलं कोणी करू शकणार नाही, मीही तिच्याइतकी चांगली करू शकत नाही.

शिवाय तिला शेळ्या हव्यातच कशावरून? शेळ्या आल्या की त्यांच्यामागे रानात जायला माणूस लागतं. नवरा मजुरीला, ती शेतात, सासूचे गुडघे गेलेले. मग उरते थोरली मुलगी. शेळ्या घेऊन दिल्या आणि त्या मुलीची शाळा सुटली, असं घडलेलं मी पाहिलं आहे आणि देणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पैसे हातात असतील तर आई हा हिशेब करते. शेळ्या दारात आणून बांधल्या की तिला हिशेब करायची मुभाच राहत नाही.

मग ती कशावर खर्च करेल? तीन बिघे जमीन आणि चाळीस हजार रुपये धरून एक नमुना मांडतो, तिने असंच करावं असं मात्र नाही. या पट्ट्यात सावकाराचा दर शेकडा दोन ते तीन रुपये महिना असतो. तीन रुपये धरले तर वर्षाला ३६ टक्के. १२,००० चं जुनं देणं असेल तर महिन्याला ३६० रुपये आणि वर्षाला ४,३२० रुपये नुसतं व्याज. ते फेडलं की दर वर्षी तेवढी मिळकत वाढल्यासारखीच आहे, आणि तिला ना चारा लागतो, ना ती मरते. आठ-नऊ हजार पेरणीला. उरलेल्या वीसेक हजारांतून दोन गाभण शेळ्या, किंवा परसातल्या भाजीपाल्यासाठी पाइप आणि छोटा पंप, किंवा गळकं छप्पर. त्यातलेच पाचेक हजार गाठीला. शेळी साधारण पाच महिन्यांनी विते, नीट ठेवली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात आणि बहुधा जुळी पिल्लं. बोकड बकरी-ईदच्या आधी विकला तर चांगला भाव मिळतो. पण त्यासाठी तो तोवर राखता आला पाहिजे, श्रावणातल्या नडीला विकावा लागता कामा नये. सगळं शेवटी वेळेवरच येऊन थांबतं.

म्हशीच्या नादाला त्यांनी लागू नये असं मला वाटतं. बरी म्हैस चाळीस हजारांत येत नाही, मग वरचे पैसे कर्जाने घेतले जातात. ती आटल्यावरही रोज खातेच, आणि मेली तर सगळं भांडवल एका रात्रीत जातं. हे माझं मत तुम्ही त्यांना सांगू शकता. पण मत म्हणून सांगा.

देणाऱ्यांना न आवडणाऱ्या दोन खर्चांची बाजू मला इथे घ्यायची आहे. एक म्हणजे जुनी मोटरसायकल. मानपूरच्या बाजूचा तरुण पिथमपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला जाऊ शकतो, पण पाळी सुटते तेव्हा परतीची बस नसते. पंधरा-वीस हजारांच्या जुन्या गाडीने तो रोज घरी परततो, मुकादमाबरोबर परमुलखात जात नाही, पोरांची शाळा तुटत नाही. ‘आम्ही शेतीला दिले आणि त्याने फटफटी घेतली’ अशी तक्रार करणाऱ्यांनी त्याच्या महिन्याची मजुरी एकदा विचारून बघावी. दुसरी म्हणजे चांदी. भावजयीने कडी किंवा साखळी सोडवून आणली किंवा नवी केली, तर त्यात उधळपट्टी काही नाही. तिच्या एकटीच्या मालकीची, रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गहाण ठेवता येणारी ती शिल्लक आहे. आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत दाखल होण्याचे उपचार मोफत आहेत, पण गाडीभाडं आणि बाहेरून आणलेली साधी औषधं त्यात येत नाहीत. तिथे चांदीच कामाला येते.

एकरकमी का, हप्त्यांनी का नाही? केनियात गिव्हडायरेक्टली नावाची संस्था बरीच वर्षं गरीब कुटुंबांना थेट पैसे देते आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. महिन्याला थोडे दिले की ते जास्त करून अन्नावर जातात, एकदम दिले की टिकाऊ गोष्टींवर, पत्र्याच्या छपरासारख्या. पुढच्या एका मोठ्या प्रयोगात एकरकमी मदत मिळालेल्यांनी दोन वर्षांच्या मासिक मदतीपेक्षा जास्त धंदे उभे केले. बारा वर्षं दरमहा पैसे मिळणार अशी खात्री ज्यांना होती, त्यांनी आपापसांत भिशी लावून महिन्याच्या थोड्या पैशांची मोठी रक्कम करून घेतली. तुमच्या मंडळात भिशी चालतेच, तेव्हा यामागचं शहाणपण तुम्हाला समजावून सांगायला नको. पोटाला कमी पडत असेल तर दरमहा द्यावं, काही उभं करायचं असेल तर एकदम द्यावं, असं मी साधारण मानतो. आपल्याकडे रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, त्यामुळे या घराचा पहिला तुटवडा धान्याचा नसून भांडवलाचा असण्याची शक्यता जास्त.

केनियातलीच आणखी एक गोष्ट. सियाया भागात साडेदहा हजारांवर कुटुंबांना सुमारे एक-एक हजार डॉलर दिले गेले. तो पैसा गावातच फिरला, सुताराकडे, गिरणीवाल्याकडे, किराणा दुकानात, आणि मूळ रकमेच्या सुमारे अडीचपट उलाढाल झाली. महागाई जवळजवळ वाढली नाही. एका कुटुंबाच्या चाळीस हजारांनी असं काही घडणार नाही, पण ज्या शेजाऱ्याला छपराचं काम मिळेल त्याच्या घरात तो पैसा दिसेल.

पैशाने न होणाऱ्याही गोष्टी आहेत. पाणी तो आणू शकत नाही. तीन बिघ्यांत रब्बी होत नसेल तर ती होणार नाही. शेळ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांची लस टोचून घेतली नाही तर दोन दिवसांत दावण रिकामी होऊ शकते. त्यासाठी पैशापेक्षा माहिती लागते आणि १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाची गाडी बोलवायची हिंमत लागते. आणि काही घरं अशी असतात की नुसत्या पैशाने त्यांचं भागत नाही: एकटी विधवा, आजारी माणूस, कामाला हातच नाही. बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून अशा घरांसाठी वेगळी पद्धत बसवली, आपल्याकडे बंगालमध्ये ‘बंधन’ या संस्थेने ती राबवली. मिळकतीचं साधन, काही महिने खाण्यापुरता भत्ता, दर आठवड्याला घरी येणारं माणूस आणि बचत, असं सगळं एकत्र. त्याचा फायदा पुढे वर्षानुवर्षं टिकल्याचं दिसलं आहे. पण त्याला रोज गावात असणारी संस्था लागते. मावशींच्या भावाच्या घरात काम करणारे चार हात आहेत, जमीन आहे. त्यांना तेवढ्या आधाराची गरज नसावी.

आता प्रत्यक्ष देण्याबद्दल. पैसे पाठवायच्या आधी शंभर रुपये पाठवून बघा आणि ते काढता येतात का हे भावजयीला विचारा. खातं असतं, पण केवायसी राहिलेलं असतं, आधार जुन्याच खात्याला जोडलेलं असतं, राज्य सरकारच्या समग्र आयडीवर नाव एक आणि आधारवर दुसरं असतं. मजुरी करणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. गावातल्या बँकेच्या कियोस्कवर यंत्र अंगठा घेत नाही, ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या ये’ म्हणतात, आणि उद्या येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी. काही ठिकाणी दहा हजार काढले की हातावर नऊ हजार आठशे ठेवले जातात आणि पावती मिळत नाही. म्हणून बँकेच्या शाखेत जाऊन एटीएम कार्ड घेणं आणि मोठी रक्कम शाखेतूनच काढणं बरं. सोबत मावशी गेल्या तर उत्तम.

याच खटपटीत एक मोठं काम होऊन जातं, आणि ते तुमच्या चाळीस हजारांहून मोठं ठरू शकतं. भावाला पीएम किसानचे वर्षाचे ६,००० मिळतात का? मध्य प्रदेश सरकारचे मुख्यमंत्री किसान कल्याणचे आणखी ६,००० मिळतात का? भावजयीचं नाव लाडली बहना योजनेत आहे का? ती जून २०२३ मध्ये महिना १,००० रुपयांनी सुरू झाली आणि त्याच वर्षी १,२५० झाली. १,२५० च धरले तरी वर्षाचे १५,००० होतात. तिन्ही मिळून २७,०००, आणि तेही दर वर्षी. पुष्कळ घरांत यातला एखादा हप्ता आधार किंवा केवायसीच्या अडचणीने मधेच थांबलेला असतो आणि घरच्यांना वाटतं सरकारने बंद केला. जमीन अजून मेलेल्या बापाच्या नावावर असेल तर किसानचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, फौती नामांतर करून वारसाचं नाव लावून घ्यावं लागेल. तुमच्या मंडळात बँकेतून निवृत्त झालेल्या कोणी असतील तर त्यांनी एक दिवस यासाठी काढावा. फॉर्म भरता येणारं, साहेबाशी न घाबरता बोलणारं माणूस या वस्तीला सहजासहजी मिळत नाही.

पैसे देताना फोटो काढू नका, धनादेश देण्याचा कार्यक्रम करू नका. वस्तीत बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी दिरा-जावांपासून सगळे उसने मागायला येतात आणि नाही म्हणणं नात्यात अवघड असतं. काय करायचं ते नवरा-बायको दोघांना एकत्र बसवून सांगा, म्हणजे नवऱ्याला आपल्यापासून लपवलं असं वाटणार नाही. किती रक्कम, कधी येणार, परत करायची नाही, पुन्हा मिळणार नाही, ही चार वाक्यं स्पष्ट सांगा. ‘परत करायची नाही’ हे दोनदा सांगा, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. अर्धे पैसे ते तसेच ठेवून देतात, पुढे कोणी मागायला आलं तर असावेत म्हणून.

नंतर चौकशी जरूर करा, पण पावत्या मागू नका. वर्षाने, पुढच्या पेरणीनंतर, एवढंच विचारा की या वेळी बियाणं उधारीवर आणलं की रोखीने. रोखीने आणलं असेल तर घराचा जम बसतो आहे. उधारीवर आणलं असेल तर मधे काय झालं ते ऐकून घ्या. बहुतेक वेळा आजारपण किंवा पाऊस, या दोहोंपैकी एक निघतं.

ताई, आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या घरातली आहे. हे सगळं मावशींच्या मार्फत होतंय. भावाने पैसे कसे लावले याचा जाब मावशींना द्यावा लागेल असं त्यांना वाटता कामा नये. गावात काही बिनसलं तर आपली कामं जातील, ही भीती त्या तुमच्यासमोर बोलून दाखवणार नाहीत. त्यामुळे पैसे जाण्याआधीच त्यांना सांगून टाका की या पैशांचा आणि तुमच्या कामाचा काही संबंध नाही, तिकडे काहीही झालं तरी. भावाकडची चौकशी त्यांच्यामार्फत करू नका, मंडळातल्या दुसऱ्या कोणीतरी थेट भावजयीला फोन करावा. आणि मावशींना स्वतःला पेरणीसाठी माहेरी चार दिवस जायचं असेल, तर पगार न कापता जाऊ द्या.